बॅकएंडला नंबर नसतो

आमच्या इंटरनेट कंपनीने माझ्या बायकोला फसवलं. कनेक्शन माझ्या नावावर आहे, पण फसवली गेली ती. आणि त्यासाठी लागणारे सहा आकडे मी माझ्या तोंडाने दिले, हेही आधीच सांगून टाकतो, नाहीतर दुसरं कोणीतरी सांगेल.

माझा धंदा जुन्या कॉम्प्युटरचा. तळोज्याच्या कारखान्यांनी, बेलापूरच्या ऑफिसांनी टाकून दिलेली मशिनं उचलायची, साफ करायची, विकायची. भाव करायला करंजाच्या बंदरावर आईच्या मासळीच्या पाटीशेजारी बसून शिकलो. बाकीचं या मशिनांनी शिकवलं. जुन्या मशिनवर विंडोज रांगते, म्हणून मी लिनक्स टाकतो. फुकट आहे, हलकी आहे. घरचं मशिनही तसंच. कनेक्शन घेताना विकणाऱ्याला मी तीनदा विचारलं होतं, "लिनक्सवर चालेल ना?" तो म्हणाला, "सर, नेट म्हणजे पाणी. कुठल्याही भांड्यात भरा."

बायको अकरा वर्षं पनवेलच्या एका शाळेत बदली शिक्षिका होती. कायम कधी केलंच नाही, आणि एका जूनमध्ये बोलावणंही आलं नाही. त्यानंतर वर्षभर ती घरात गप्प असायची. मग एका संस्थेने तिला परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन शिकवायचं काम दिलं. दुपारी दोन ते चार, चार मुलं. त्यात मेलबर्नची सात वर्षांची एक मुलगी होती, तिला ळ येत नव्हता. 'बाळ'ला 'बाल' म्हणायची. मी आतल्या खोलीत हसायचो, कारण आमच्या करंजाला सगळे तसंच बोलतात. मलाही ळ लग्नानंतर हिनेच शिकवला. ही परत बोलायला लागली, वर्गात आणि घरातही. संस्थेचा नियम एकच होता: महिन्यात तीन तास मध्येच तुटले की वर्ग दुसऱ्या शिक्षिकेकडे.

दिवाळीनंतर नेट तुटायला लागलं. दिवसातून तीन-चारदा, कधीही, राउटरवरचा दिवा लाल व्हायचा, चार-पाच मिनिटांनी पुन्हा हिरवा. पहिला तास तुटला त्याच दिवशी मी फोन लावला.

"सर, स्टार्ट बटणावर क्लिक करा."

"स्टार्ट बटण नाही. लिनक्स आहे."

"ओके सर. मग कंट्रोल पॅनल उघडा."

"मॅडम, तेही नाही. आणि लाल दिवा राउटरवर लागतोय. राउटर तुमचा. माझा कॉम्प्युटर बंद असला तरी लागतो."

"बरोबर आहे सर. पण आमचं टेस्टिंगचं सॉफ्टवेअर चालवून रिपोर्ट आल्याशिवाय तक्रार पुढे जात नाही. ते विंडोजवरच चालतं. लिनक्सला आमचा सपोर्ट नाही."

"उद्या माझं दार डावीकडे उघडतं म्हणून दूधवाला दूध देणार नाही का?"

"दुधाचं मला माहीत नाही, सर."

दुसरी कंपनी घ्यावी, तर सोसायटीने एकाच कंपनीला केबल टाकू दिली आहे. मोबाईलवर भागवावं, तर आम्ही तळमजल्यावर. घरात सिग्नलची एकच काडी येते, तीही खिडकीत उभं राहिलं तर. म्हणून मी ओरडलो. रोज ओरडलो. आठव्या दिवशी एक माणूस आला.

चाळिशीचा, डोक्यावर हेल्मेट तसंच. त्याने स्वतःचा विंडोजवाला लॅपटॉप लावला, दोन मिनिटं टेस्ट चालवली. हिरवी खूण आली.

"नेट बराबर हाय, दादा. ओटीपी द्या, कंप्लेंट बंद करतो."

"दोन मिनिटांत काय कळणार? तासभर बस."

"तासभर बसलो तं बाकीची घरं कोन करील?"

ज्यांनी कधी तक्रार केली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर सहा आकडे येतात, ते त्याने दिले तरच तक्रार बंद होते. म्हणजे तेवढी एकच वस्तू माझ्या हातात होती. मी ती दाबून धरली. म्हटलं, लाल दिवा दिसेपर्यंत देणार नाही. बायकोने चहा केला. पाऊण तासाने दिवा लाल झाला. त्याने पाहिला, मीही पाहिला.

"लायनीचाच लोचा हाय," तो म्हणाला. "माझ्या हातातला नाय. सीनियर लागंल."

"मग सीनियर आल्यावर ओटीपी."

"तवर कंप्लेंट माझ्या नावावर उघडी रातंय. सायब बोंबलतंय."

"कुठला तू?"

"नेऱ्याचा."

"मी करंजाचा."

"मंग आपलीच मानसं की! पलून जानार हाय का मी?"

तिथे मी घसरलो. सरकारी बाबू, कारखान्याचे मॅनेजर, गुजराती व्यापारी, कोणाला बधलो नाही. पण 'पलून' या शब्दाला बधलो. तरी कागद मागितला. त्याने बायकोच्या वहीच्या पानावर लिहून दिलं: दोष लाइनचा, सीनियर दोन दिवसांत येईल. खाली सही केली, मोबाईल नंबर टाकला. मी ओटीपी दिला आणि सौदा जिंकल्यासारखा बायकोकडे बघितलं.

तो गेटबाहेर जायच्या आत मेसेज आला. तक्रार बंद. ग्राहक समाधानी. शेरा: ग्राहकाची सिस्टीम सपोर्टेड नाही.

सीनियर आला नाही. चौथ्या दिवशी दुसरा तास तुटला. मी नेऱ्यावाल्याला फोन केला. त्याने उचलला, हे त्याचं भलेपण. म्हणाला, "दादा, तो शेरा मी नाय टाकला. कागदावर लिवला तो माझा शब्द होता. कंपनीत माझा शब्द चालत नाय."

मग मी जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. हरलो. विंडोज पेलेल असं मशिन दुकानातून घरी आणलं, विंडोज टाकली, त्यांचं सॉफ्टवेअर टाकलं, दिवा लाल असताना चालवलं. रिपोर्ट आला, लाल अक्षरांत. तो घेऊन फोन केला.

"सर, तुमच्या अकाउंटवर सिस्टीम सपोर्टेड नाही असा शेरा आहे."

"आता विंडोज आहे. तुमचाच रिपोर्ट आहे."

"हो सर, दिसतोय. पण शेरा असेपर्यंत नवीन तक्रार घेता येत नाही. तो आमच्याकडून निघत नाही."

"मग कोणाकडून निघतो?"

"बॅकएंडकडून."

"बॅकएंडचा नंबर द्या."

"बॅकएंडला नंबर नसतो, सर."

मी ओरडलो नाही. ओरडायला समोर कोणी असावं लागतं.

तिसरा तास त्याच आठवड्यात तुटला. मेलबर्नची मुलगी धडा वाचत होती. दिवा परत हिरवा झाला तेव्हा पडद्यावर कोणी नव्हतं. संध्याकाळी संस्थेचं पत्र आलं. पत्र सभ्य होतं. तिच्या शिकवण्याबद्दल चांगलं लिहिलं होतं, आणि वर्ग सोमवारपासून दुसरीकडे.

मी म्हटलं, "मी ग्राहक मंचात जातो."

"जा. पण माझी मुलं त्याने परत येणार आहेत का?" ती म्हणाली. मग म्हणाली, "अहो, ते मशिन दुकानात परत न्या. जागा अडते."

त्यालाही दोन महिने झाले. ती पुन्हा गप्प आहे. दुपारी दोन वाजता ती काहीतरी काम काढते, डबे पुसते, डाळ निवडते. नेट अजून तुटतंच आहे, आता त्याची कोणाला अडचण नाही.

मंचाला मी लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं: ग्राहकाने स्वतः ओटीपी देऊन समाधान नोंदवलं आहे. बरोबर आहे, दिला मी. माझा गुन्हा मी मान्य केला, तिच्यासमोर, तोंडाने. पण तो शेरा मी लिहिला नाही, नेऱ्यावाल्याने लिहिला नाही, फोनवरची मुलगी म्हणते तिनेही लिहिला नाही. कोणीतरी खुर्चीत बसून तो लिहिला आहे, आणि त्या माणसाला आईबापांनी नाव ठेवलेलं आहे. त्याने माझ्या घरी यावं. मी बोलणार नाही, दुकानात जाऊन बसेन. त्याने दुपारी दोन वाजता तिच्यासमोर बसावं आणि सांगावं, कोण समाधानी होतं?