मी नाकारलेला लेख

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारपासून मला माझीच लाज वाटते आहे.

कॉलेजात इंग्रजी कसं शिकवावं यावरचा एक लेख एका नियतकालिकाने मला तपासायला पाठवला होता. अशा तपासणीत लेखकाचं नाव आपल्याला कळत नाही, आपलं त्याला. त्यात नमुन्यादाखल विद्यार्थ्यांची उत्तरं दिली होती; पुरात म्हैस कशी बाहेर काढली, हे त्यांनी साध्या, सुंदर इंग्रजीत लिहिलं होतं. मी शेरा मारला, 'उत्तरे लेखकानेच लिहिलेली दिसतात.' लेख नाकारला गेला.

आज स्टाफरूममध्ये आमच्याच विभागातल्या पाटील सरांनी वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे आपटला. "बघा की मॅडम! शिरोळकडची, पूर बघितलेली पोरं हायत माझी. आणि कोण शहाणा म्हणतोय, हे मीच लिहिलंय! लेख छापला न्हाई, प्रमोशन गेलं की वो माझं!"

वह्या उघडल्या. त्या लेखातलीच वाक्यं, प्रत्येक वहीत वेगळं अक्षर.

"असे शेरे कसे मारतात लोक!" मी म्हणाले. खरंच, मी असं म्हणाले.

घरी येऊन संपादकांना कळवलं, माझा संशय चुकीचा होता, लेख दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. सरांना मात्र सांगितलेलं नाही. नाव गुप्त ठेवायचा नियमच आहे. पण मी नियमामुळे गप्प आहे की भीतीमुळे?

तुम्ही सांगितलं असतं?