नत्थुजींची सैल बुचं

नत्थुजींना बंद बाटली म्हणून बघवत नसे. अमरावतीच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं काढली. सकाळी कुलूप काढलं की पहिलं काम एकच: एकेका बाटलीचं, नळीचं बूच सैल करायचं, कोंडलेली वाफ सोडायची, पुन्हा लावायचं. उगाच नव्हे हो! वऱ्हाडातला उन्हाळा तो. एका मे महिन्यात अमोनियाची बाटली तापून फुगली, सोबतच्या भगवंत नावाच्या अटेंडंटनं ती उघडली आणि बिचाऱ्याचा एक डोळा गेला. तेव्हापासून या माणसाच्या हातांना चैन नाही. वलगावला घरी जेवताना लोणच्याची बरणीसुद्धा चाचपायचे. बायको, आशाबाई, वैतागायच्या, "बसा नं एका जागी! काहून उठून राहिले घडीघडी?"

त्याच लॅबमध्ये तेल्हाऱ्याची दामिनी पाच वर्षं पीएचडीसाठी राबत होती. तिनं बनवलेलं पाण्यातलं द्रावण जांभळ्या दिव्याखाली धरलं की लालभडक उजळायचं. फॉस्फोरेसन्स म्हणतात त्याला. म्हणजे उजळायला हवं होतं. मार्चमध्ये एकदा ते झकास उजळलं, तिनं आकडे घेतले, आणि मग जे विझलं ते विझलंच. संध्याकाळी नळ्या भरून ठेवाव्यात, तर सकाळी मुर्दाड. विभागप्रमुख केशवराव सर भर लॅबमध्ये विचारून मोकळे झाले होते, "मार्चचे आकडे मनानं लिहिले का?" आज समिती बसली होती. आज उजेड दिसला नाही तर विषय रद्द, पाच वर्षं पाण्यात.

नत्थुजी चहाचा ट्रे घेऊन आत गेले तेव्हा पडदे ओढलेले होते आणि दिव्याखाली तिन्ही नळ्या विझलेल्याच होत्या.

"सर, याला हवा मारते," दामिनी काकुळतीनं सांगत होती. "दिव्याची ऊर्जा घेऊन रेणू थोडा थांबतो, मग लाल उजेड सोडतो. तेवढ्यात प्राणवायू येऊन धडकला की ती ऊर्जा तोच पळवतो, उजेड निघायच्या आत विझतो. म्हणून मी नायट्रोजन भरून बूच लावते. ते एकदा जरी सैल झालं तर..."

नत्थुजींनी मनातल्या मनात दिवस मोजले. मार्चमध्ये नत्थुजी तीन दिवस रजेवर होते, चांदूर बाजारला पुतणीच्या लग्नात. पोरीला उजेड दिसला तो त्याच तीन दिवसांत!

ट्रे टेकवून ते व्हरांड्यात आले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. रिटायर व्हायला दोन महिने उरलेले, नावावर एक ठपका नाही. पाहिलं कोणी? कोणी नाही. पोरगी हुशार आहे, घेईल दुसरा विषय. असं मनाशी म्हटलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. तसेच ते आत घुसले.

"सर, बुचं म्या सैल केले. रोज करतो, आजबी केले. मले वाटलं, तापून फुटतीन."

केशवराव सरांनी चष्मा काढला. "पोरीला वाचवायला बोलताय तुम्ही, नत्थुजी. पुरावा काय?"

पुरावा कुठून आणणार? नवी नळी भरून दाखवावी, तर नायट्रोजनचं सिलिंडर कालच संपलेलं. दामिनीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं. मग एकाएकी ती उठली, कपाटातून बी.एस्सी.च्या प्रयोगासाठी आणलेलं यीस्टचं पाकीट काढलं, पावात घालतात तेच.

"काका, ती चहाची साखर द्या इकडे."

चिमूटभर यीस्ट, चिमूटभर साखर त्यातल्याच एका नळीत टाकून तिनं बूच दाबलं. "हे जिवंत आहे, सर. साखर खाताना आतला प्राणवायू हेच संपवेल."

पाच मिनिटं झाली. काही नाही. यीस्टनं वायू धरला असेल, बूच उडेल, या धास्तीनं नत्थुजींचे हात नुसते शिवशिवत होते. त्यांनी ते काखेत दाबून धरले. सात मिनिटं. समितीतले एक सर घड्याळ बघू लागले. आणि मग नळीच्या तळाशी लाल धुगधुगी दिसली, वर चढत गेली, नळी लालभडक झाली. केशवराव सर खुर्चीतून उठून जवळ आले.

दामिनीनं नळी नत्थुजींपुढे धरली. "उघडा, काका."

"नाई माय, माह्या हातानं नोको आता."

"तुमच्याच हातानं पाहिजे."

त्यांनी बूच काढलं, नळी हलवली. लाल उजेड सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विझला.

"लावा परत," केशवराव सर म्हणाले. नत्थुजींनी लावलं. मिनिटा-दोन मिनिटांत तळ पुन्हा लाल झाला. सरांनी पेन काढलं, मार्चच्या आकड्यांखाली सही केली आणि वही दामिनीकडे सरकवली.

नत्थुजी मटकन स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. बत्तीस वर्षांत त्या लॅबमध्ये त्यांना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.