तोंडाची फटफट

आमच्या गल्लीतला एक जण गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला आहे, पण गल्लीत त्याची ओळख फटफटीच्या आवाजाची. तो आला की माझ्या मांडणीवरच्या ताटल्या वाजायच्या. हेल्मेट कायम कोपरात अडकवलेलं. विचारलं तर म्हणायचा, "आवाजानंच लोकं बाजूले होतात गा, मंग डोकं काहून झाकू?"

मग पोलिसांनी त्याचा तो फटाके फोडणारा सायलेन्सर काढून घेतला. साधा बसवल्यावर गाडी मांजरासारखी चालायला लागली आणि त्याला भीती वाटायला लागली. वळण आलं की तो स्वतःच तोंडाने "फट फट फट" करायचा, गिअरप्रमाणे सूर बदलून. म्हशीसुद्धा हटायच्या, मी पाहिलं आहे.

परवा पुढच्या चौकात पोलीस दिसला म्हणून त्याने पहिल्यांदा हेल्मेट डोक्यात घातलं आणि सवयीने आतच फटफट सुरू केली. माझ्या फाटकापाशी येऊन त्याने ते काढलं तेव्हा तोंड उतरलं होतं. कानात बोट फिरवत म्हणाला,

"इतके वर्ष तुमी असा आवाज आयकून राहिले होते, तं मले कोनी हाणलं काहून नाही गा?"