झाकण उघडू नये

पेटीचं झाकण उघडलं तशी आतली गरम हवा थेट तोंडावर आली. आत आप्पांचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरघरत होतं आणि त्याचा अलार्म वाजत होता. पेटीला आतून जाड फोम लावलेला. त्यामुळे तो अलार्म बाहेर पोचेपर्यंत मनगटी घड्याळाच्या गजराएवढाच उरत होता.

स्मिता म्हणाली, "काकू, ती बीप नॉर्मल आहे. इन्स्टॉल करणाऱ्यानं सांगितलंय, सिस्टिम ऍक्टिव्ह असली की वाजते."

मी आप्पांकडे पाहिलं. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. नाकात नळी होती आणि ओठ निळसर झाले होते.

"स्मिता, आधी हे मशीन बाहेर काढायचं. धर तिकडून."

"अहो, पण ते उघडायचं नाहीये," ती म्हणाली. झाकणावर तिच्या नवऱ्यानं, कर्नलसाहेबांनी पाठवलेला लॅमिनेट केलेला कागद चिकटवला होता. पहिलीच ओळ होती, 'झाकण उघडू नये.' ती ओळ मला पुढे कितीतरी वेळा आठवली, पण त्या क्षणी मला फक्त संताप आला. मी म्हटलं, उघडलंय मी, काय शिक्षा व्हायची ती मला होईल. दोघींनी मशीन उचलून खिडकीपाशी ठेवलं. थोड्या वेळानं अलार्म थांबला. आप्पांच्या ओठांवर रंग यायला त्याहून जास्त वेळ लागला, आणि तोवर मी नुसती त्यांच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरकडे बघत बसले होते.

आता ही पेटी काय होती ते सांगते. स्मिताचा नवरा लष्करात कर्नल आहे, पोस्टिंग दूर ईशान्येला. ती सासऱ्यांना घेऊन पंचकुलाला भाड्याच्या घरात राहते. आप्पा मूळचे कोरेगावकडचे, निवृत्त सुभेदार. फुप्फुसं कमजोर झाल्यामुळे त्यांना दिवसरात्र ऑक्सिजन लागतो. कॉन्सन्ट्रेटर म्हणजे खोलीतली हवा ओढून घेऊन तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र. त्याला भरपूर हवा लागते, आणि ते स्वतः तापतंही.

चंदीगड, पंचकुला, मोहाली या ट्रायसिटीनं युद्धाचे सायरन आणि ब्लॅकआउट पाहिल्यापासून इथे घाबरलेल्यांसाठी एक नवा बाजार उघडलाय. त्यात सगळ्यात जोरात खपतो तो ईएमपी हा शब्द. फार उंचावर अणुस्फोट झाला तर जमिनीवर क्षणभर एक प्रचंड विद्युतचुंबकीय लाट येते, तीच ईएमपी. माणसाला ती कळतही नाही, पण लांब तारांमध्ये ती शिरते आणि तारेच्या टोकाला जोडलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रं जाळू शकते. धातूच्या पूर्ण बंद पेटीत ठेवलेलं यंत्र वाचतं. एवढं सगळं खरं आहे, आणि त्यावरच बाकीचं खोटं उभं राहतं.

मला हे माहीत आहे कारण हीच माझी नोकरी. मी मोहालीतल्या एका खासगी लॅबमध्ये ईएमसी इंजिनिअर आहे. दिवसभर यंत्रांवर रेडिओलहरींचा मारा करायचा आणि ती टिकतात का ते पाहायचं. स्मितानं मला त्या दिवशी चहाला बोलावलं होतं ते कौतुकानंच. "काकू, तुमच्याच लॅबचा रिपोर्ट आहे या पेटीवर," असं ती फोनवर म्हणाली होती. खरंच होता. पेटीच्या बाजूला त्याचा फोटो डकवला होता आणि खाली माझी सही होती.

ती पेटी मी तपासली होती. रिकामी, झाकण घट्ट बंद, एकही तार नाही. पेटी उत्तम निघाली आणि रिपोर्टमध्ये तसं लिहिलं. रिकाम्या पेटीवर चाचणी केली हेही लिहिलं होतं. विक्रेत्यानं नेमकी तीच ओळ फोटोतून कापली होती. मग तसल्याच पेटीत चालू मशीन घातलं, वीज आत नेण्यासाठी भोक पाडलं, नळीसाठी दुसरं पाडलं, आणि हवेसाठी एकही ठेवलं नाही.

मी तिथूनच त्याला फोन लावला. तो अगदी नम्र होता. "मॅम, हवा के लिए छेद करेंगे तो पल्स अंदर आ जाएगी."

"तार के लिए तो छेद किया है आपने."

"वो तो जरूरी था ना, मॅम."

"और साँस?"

तो म्हणाला की टेक्निकल टीमशी बोलून सांगतो.

माझं डोकंच फिरलं. मायक्रोवेव्हच्या दारात जाळी असते. तिच्या भोकांतून आतलं अन्न दिसतं, पण लहरी बाहेर येत नाहीत. भोक पुरेसं बारीक असलं की हवा जाते आणि लहर अडते, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. उलट भोकातून आत गेलेली तार ही त्या लाटेला सरळ आत आणणारा रस्ता असते. म्हणजे या माणसानं हवा अडवली आणि ईएमपीला दार उघडं ठेवलं. त्यावर कडी म्हणजे, घरात आधी ऑक्सिजनचा सिलिंडर होता तो त्यानं 'आता गरज नाही' म्हणून परत पाठवायला लावला होता. सगळ्या शहराची वीज गेली, तरी त्या घरात चालली असती अशी ती एकच वस्तू.

सिलिंडर लगेच मागवला. गल्लीतले डॉक्टर येऊन तपासून गेले. म्हणाले, असंच चाललं असतं तर हॉस्पिटलला न्यावं लागलं असतं, आणि तेही वेळेत पोचलात तर. स्मिता बाहेर जाऊन रडून आली. मी आप्पांना विचारलं की दम लागत होता तर बोलला का नाहीत.

"ऑर्डर होती," आप्पा म्हणाले. "आणि पोरानं एवढ्या लांबून केलंय. मी कशाला कुरकुर करू?"

सुभेदारानं कर्नलची ऑर्डर पाळली होती, आणि तो कर्नल त्यांचाच मुलगा होता. दुसऱ्या कुठल्या घरातल्या म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी झाकण फेकून दिलं असतं. या घरात चिकटवलेल्या कागदाच्या विरुद्ध जायची पद्धतच नव्हती. विक्रेत्यानंही ते बरोबर हेरलं होतं. फौजी घरांना तो छापील एसओपी द्यायचा, म्हणजे कामाचे लेखी नियम, आणि बाकीच्या घरांना नुसतं ब्रोशर. कर्नलसाहेबांनी तीच एसओपी लॅमिनेट करून पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी मी आमचे मॅनेजर चोप्रासाहेब यांच्यासमोर बसले. रिपोर्ट मागे घ्यायचा म्हटलं. त्यांनी तो शांतपणे वाचला.

"मॅडमजी, इसमें गलत क्या लिखा है?"

"कुछ नहीं."

"तो फिर? वो क्या रखता है डिब्बे में, वो हमारा स्कोप नहीं."

स्कोप हा आमच्या धंद्यातला मोठा सोयीचा शब्द. आम्ही काय तपासलं त्याची हद्द, एवढाच त्याचा अर्थ. पण तो 'आमचा काय संबंध' अशा थाटात वापरला जातो. मी म्हटलं, माझ्या सहीच्या फोटोखाली एक माणूस गुदमरत होता. सही माझी आहे, ती मी मागे घेतेय, लॅबला काय करायचं ते लॅबनं ठरवावं. मग मी विक्रेत्याला मेल केली, चोप्रासाहेबांना कॉपी ठेवली. चालू वैद्यकीय यंत्र या पेटीत ठेवू नये, असं तुमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवा, एवढीच मागणी होती. उत्तर आलं नाही.

शेवटी स्मितानंच ट्रायसिटीतल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं लिहिलं. संध्याकाळी मोहालीतून एका आयटीवाल्या मुलीचा फोन आला. तिच्या आजीचं मशीनही तसल्याच पेटीत होतं. मी फोनवरच तिला झाकण उघडायला लावलं. आजी ठीक होत्या, पण पलीकडून अलार्मचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्यानंतर मात्र चोप्रासाहेबांनी निमूटपणे लॅबतर्फे रिपोर्ट रद्द केल्याचं पत्र काढलं. विक्रेत्यानं दुसरी लॅब शोधली. पेटी अजून विकली जाते, असं ऐकते.

आप्पांच्या घरची तयारी आम्ही नव्यानं केली. फौजी घरात काळ्या लोखंडी ट्रंकांना तोटा नसतो. एक रिकामी केली, कडेचा रंग घासून काढला, म्हणजे झाकणाचा धातू पेटीच्या धातूला थेट टेकेल. आत एक जादा कॉन्सन्ट्रेटर आहे, बंद, त्याची वायरही आतच गुंडाळलेली. चालू मशीन पलंगाशेजारी उघड्यावर असतं. ते जळलंच तर शेजारी सिलिंडर उभा आहे. त्याला फक्त किल्ली आणि हात लागतो.

कर्नलसाहेबांचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. त्यांनी नवी एसओपी पाठवायची का, असं विचारलं. आप्पांनी नको म्हणून सांगितलं. ती त्यांनी स्वतःच लिहून ट्रंकेवर चिकटवली होती, पेन्सिलीनं, वळणदार अक्षरात. एकच कलम आहे. मी त्याचा फोटो आमच्या लॅबच्या दारावर लावलाय.

'दम लागला तर कुणालाही न विचारता उघडा.'