बाइंडरकाकांचा रविवारचा कॉल

बाइंडरकाकांना तिसऱ्या वर्षी ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. आता या पोराशी बोलायचं कसं, हे घरात कुणाला सुचेना. आई रडायची, वडील आणखी मोठ्याने ओरडायचे. तोडगा काढला सात वर्षांच्या ताईने. ती हातांनी बोलायला लागली. मीठ म्हणजे चिमूट जिभेला लावायची. वडील म्हणजे कपाळावर दोन आठ्या. 'थापा मारू नकोस' म्हणजे स्वतःचंच नाक पिळायचं. दोघं वाढली तशी ही बोलीही वाढली. तिच्यात चहाड्या आल्या, रुसवेफुगवे आले, शेजारच्या बाईंच्या चालण्याची नक्कल आली. काका दोन वर्षं बहिऱ्या मुलांच्या शाळेत गेले, तिथल्या खुणाही शिकले, पण चौदाव्या वर्षी बाइंडिंगच्या कामाला लागले आणि त्या खुणा विसरून गेले. घरची बोली तेवढी राहिली. ती जगात दोनच माणसांना येत होती.

ताई लग्न होऊन लांब गेली, गाडीने दोन दिवसांच्या वाटेवर. काकांनी लग्न केलं नाही. दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत दाबाचं यंत्र, पुठ्ठ्यांचे ढीग, वाचनालयाची पाठ मोडलेली पुस्तकं. मागच्या खोलीत पलंग, शेगडी आणि भिंतीवर एक घड्याळ. इतकी वर्षं पत्रांवर चालली होती. मग भाच्याने फोन पाठवला, घरात इंटरनेट घ्यायला लावलं, आणि दर रविवारी चार वाजता ताई समोर दिसायला लागली. पहिल्या दिवशी दोघं दोन तास बोलली. दुसऱ्या दिवशी काकांची मनगटं दुखत होती.

दोन वर्षं छान गेली. मग चित्र अडकायला लागलं.

ताई काहीतरी सांगत असायची आणि मध्येच तिचा हात हवेत थिजायचा. तोंड अर्धवट उघडं, बोटं पसरलेली. कधी चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, कधी पडदा काळा व्हायचा. ऐकणाऱ्या माणसांचं बरं असतं, चित्र गेलं तरी आवाज येत राहतो. काकांसाठी चित्र हाच आवाज होता.

त्यांनी कंपनीला मेसेज टाकला. उत्तर आलं, 'कृपया आमच्या हेल्पलाइनवर फोन करा.' काकांनी लिहिलं, 'मला ऐकू येत नाही.' उत्तर आलं, 'आपल्या अडचणीबद्दल दिलगीर आहोत. कृपया आमच्या हेल्पलाइनवर फोन करा.' काका एकटेच हसले. हा विनोद ताईला सांगायचा, असं त्यांनी ठरवलं. रविवारी सांगायला घेतला, तर मध्येच चित्र गेलं.

आठवड्याने कंपनीचा माणूस आला. त्याने वायर बघितली, ॲडॅप्टर बदलला, राउटरच्या हिरव्या दिव्यांकडे बोट दाखवलं आणि अंगठा वर केला. काकांनी पुठ्ठ्याच्या कातरणीवर लिहिलं, 'दिवे लागतात. चित्र अडकतं.' त्याने खाली लिहिलं, 'लाइन ओके आहे.' आणि काकांची सही घेऊन तो गेलासुद्धा.

मग काकांनी स्वतःच कंबर कसली. उसवलेलं पुस्तक हातात आलं की कुठला धागा तुटलाय ते आधी शोधायचं, ही त्यांची सवय. त्यांनी एका वहीत टिपायला सुरुवात केली. किती वाजता अडकलं, काय दिसलं, कोण बोलत होतं, आपण कुठे बसलो होतो, दार उघडं होतं की बंद. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, अगदी जमिनीलगत होता. तो उचलून त्यांनी पुढच्या खोलीत फळीवर ठेवला. फरक पडला, पण पुरता नाही. संध्याकाळ जवळ आली की पुन्हा तेच.

वही घेऊन ते वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे गेले. बाई नुकत्याच ड्युटीवरून आल्या होत्या, पायांतले बूटही काढले नव्हते. त्यांनी वही नीट वाचली आणि लिहिलं, 'काका, आमच्या डॉक्टरांपेक्षा तुमच्या नोंदी बऱ्या. अक्षर तरी लागतं.' मग स्वतःच्या फोनवर आजूबाजूच्या सगळ्या वायफायची नावं दाखवली. चौदा होती. त्यातली निम्मी काकांच्याच चॅनलवर. 'सगळे एकाच बोळातून जायला बघतायत,' त्यांनी लिहिलं, 'तुम्हाला दुसरा बोळ काढून देते.' राउटरच्या पोटावरचा पासवर्ड वाचून त्यांनी दहा मिनिटांत चॅनल बदलून दिला.

मग दोघांनी परीक्षा घेतली. बाई वर गेल्या, व्हिडिओ कॉल लावला आणि बोटांवर एक ते पन्नास मोजून दाखवले. काका खाली डोळ्यांत तेल घालून बघत होते. एकही बोट हुकलं नाही. शनिवारपर्यंत रोज पाच वाजता त्यांनी हेच केलं. रोज पन्नासच्या पन्नास.

रविवारी काकांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. चार वाजता ताई दिसली, काचेसारखी स्वच्छ. तिच्या गालावरचा तीळसुद्धा दिसत होता. काकांनी हेल्पलाइनचा विनोद एकदाचा सांगून टाकला. ताई हसली. मग ती बोलायला लागली. सून, बाजार, गुडघा. आणि मध्येच तिचा हात हवेत थांबला.

काकांनी समोर टेकवलेल्या फोनकडे वैतागून पाहिलं. कॉल बंद करायला बोट पुढे नेलं आणि तसंच राहू दिलं. ताईच्या मागे टेबलफॅन होता. तो फिरत होता. खिडकीचा पडदा हलत होता. ताईची पापणी लवली.

चित्र चालू होतं. हात तेवढा थांबला होता.

काकांनी हळूच विचारलं, 'काय झालं?' ताईने स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू कुणीतरी तो तिच्याजवळ ठेवायला देऊन गेलंय. मग तो खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

त्या संध्याकाळी काकांनी वही पुन्हा उघडली. चौकोन होणं, पडदा काळा होणं, हे कुणीही बोलत असताना झालेलं होतं. पण 'हात थिजला' अशा नोंदी सगळ्या ताई बोलत असतानाच्या होत्या. त्यांनी भाच्याला मेसेज केला. 'ताईला काय झालंय? खरं सांग.'

उत्तर यायला दोन तास लागले. 'मामा, डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं. आई विसरत चाललीय. तोंडाने अजून बोलते थोडंफार, पण हातांचं आधी गेलं. तुम्हाला कसं सांगावं ते कळेना. तुम्ही इंटरनेट खराब आहे म्हणायचात, तेव्हा मला बरंच वाटायचं.'

काकांना राग आला नाही. भाच्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं, असं त्यांना वाटलं. पुढच्याच आठवड्यात ते दोन दिवसांचा प्रवास करून ताईकडे जाऊन आले. ताईने त्यांना ओळखलं, जवळ बसवून घेतलं आणि तोंडाने बोलत राहिली. खूप बोलली. तिच्या ओठांवरून त्यांना चार शब्द कळले असतील नसतील. ते मान डोलावत राहिले.

परत आल्यावर नर्सबाईंनी विचारपूस केली. काकांनी कातरणीवर सगळं लिहून दिलं, बाईंनी ते वाचलं. मग लिहिलं, 'काका, त्या खुणा लिहून, चित्रं काढून ठेवा ना. तुम्ही तर पुस्तकंच बांधता.'

काकांनी पेन्सिल घेतली आणि खाली एकच शब्द लिहिला. 'कुणासाठी?'

बाईंनी ती कातरण घडी करून एप्रनच्या खिशात ठेवली आणि चहा टाकला.

रविवारचा कॉल अजून होतो. भाचा फोन धरतो, ताई खुर्चीत बसते. बोलतात ते काकाच. आठवडाभरात कुठलं पुस्तक आलं, कुणी पानं फाडून ठेवली होती, वरच्या बाईंची बदली होणार म्हणतात. सगळं सावकाश, मोठ्या खुणा करून, लहान मुलाला सांगावं तसं. कधी ताईचं लक्ष असतं, कधी खिडकीकडे. मागे एकदा काकांनी मिठाची खूण केली, तर तिने त्यांचं बघून चिमूट उचलली, जिभेला लावली आणि काहीच चव लागली नाही म्हणून बोटांकडे बघत बसली. काका तिला काही सांगायला गेले, पण भाच्याचा हात अवघडला असावा. चित्र कलतं झालं, छत दिसलं आणि कॉल बंद झाला.

इंटरनेट आता एकदाही अडकत नाही.