पुढची तारीख

गुरुग्रामच्या हॉस्पिटलातला एंडोस्कोपीचा तो टेक्निशियन मला पहिल्यापासूनच लबाड वाटायचा. बाबांची पित्तनलिका कॅन्सरने बंद झाली होती. डॉक्टर तोंडावाटे दुर्बीण घालून त्या नलिकेत प्लास्टिकचा स्टेंट बसवत. त्याआधी हा बाबांना खिडकीशी नेऊन डोळ्यांतला पिवळेपणा बघायचा, "अंकल, बिल्कुल हीरो!" म्हणायचा, आणि सगळं झालं की स्टेंट बदलायची तीन महिन्यांनंतरची तारीख फाइलवर लिहायचा.

"गिऱ्हाईक बांधून ठेवतोय," मी बायकोला म्हणायचो.

काल तिसऱ्यांदा स्टेंट बदलला. "अंकल, हीरो!" म्हणत त्याने फाइल मिटून माझ्या हातात दिली. मी ती उघडून पाहिली.

"भैया, तारीख लिखना भूल गए."

तो खाली वाकून बाबांच्या सँडलचे पट्टे लावत राहिला.