शेजाऱ्याचा शर्ट

चौक गावाला हायवेवरच्या गॅरेजात तो ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. बोलणं भराभर, पण प्रत्येक वाक्यानंतर थांबून विचारायचा, “बरोबर हाय ना, वहिनी?” मी हो म्हणेपर्यंत पुढचं वाक्य नाही.

ॲसिडची त्याला भारी धास्ती. घरी आला की आधी खायच्या सोड्यानं हात चोळायचा, मगच पोरीला उचलायचा. बॅटरीतल्या शिशाचं मात्र भय नव्हतं. “त्ये काय भाजतंय?” जुन्या बॅटऱ्यांचं शिसं तो अंगणातल्या चुलीवर वितळवायचा आणि त्याच्या गोळ्या करून मासे धरायच्या जाळ्याला वजन म्हणून लावायचा. शेजारी बसलेली पोर त्या गोळ्या चोखत राहायची.

पुढं तिचं पोट सारखं दुखायला लागलं, चेहरा पांढराफटक पडला. कर्जतच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात शिसं आहे का? त्याच दिवशी यानं उरलेलं शिसं भंगारात घातलं, हौसेनं विणलेलं जाळंही देऊन टाकलं. चूलसुद्धा मोडली.

मग एका दुपारी मी डोकावले. पोर त्याचा गॅरेजातल्या धुळीनं काळाकुट्ट झालेला शर्ट कवटाळून झोपली होती. एक बाही तोंडात.

“याच्याबिगर झोपतच नाय. पन आता घरात शिशाचा कण नाय. बरोबर हाय ना, वहिनी?”

शर्टावरची ती धूळ कसली, मला तरी कुठं ठाऊक होतं? शिशाची असेल, नसेलही. पण माझ्याच्यानं हो म्हणवेना. आणि तो पुढचं वाक्य न बोलता माझ्या तोंडाकडे बघत राहिला.